शून्य रुग्ण, पण मोजले कुणी?

नांदेड जिल्ह्यातल्या भोकर तालुक्यात भोसी नावाचं सहा हजार वस्तीचं गाव आहे. २०२१ च्या मे महिन्यात हे गाव एकाएकी देशभर गाजलं. करोनाची दुसरी लाट होती. गावात एक लग्न झालं, त्यानंतर एक मुलगी बाधित निघाली आणि आठवडाभरात आणखी पाच जण. जिल्हा परिषद सदस्य प्रकाश देशमुख भोसीकर यांनी पुढाकार घेतला. ग्रामपंचायत आणि आरोग्य विभाग यांना सोबत घेऊन गावातच तपासणी शिबिर लावलं. अँटिजेन आणि आरटीपीसीआर मिळून ११९ जण बाधित सापडले. ज्यांची लक्षणं सौम्य, त्यांनी आपापल्या शेतात मुक्काम हलवायचा असं ठरलं. ज्यांना शेत नाही अशा मजुरांसाठी देशमुखांच्या शेतातली ४० बाय ६० फुटांची शेड होती. आशाताई आणि अंगणवाडीताई रोज शेतावर जाऊन विचारपूस करत. जेवण आणि गोळ्या तिथेच पोचत. पंधरा-सतरा दिवस असे काढून, तब्येत तपासूनच माणसं घरी परतली. त्यानंतर दीड महिना गावात नवा रुग्ण नाही, अशी बातमी केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने दिली.

आपल्याकडे चांगलं काही घडलं की त्याचा लगेच ‘पॅटर्न’ होतो; लातूरकरांना हे वेगळं सांगायला नको. भोसीने जे केलं ते कौतुकाचंच होतं. गावातल्या दोन खोल्यांच्या घरात सात माणसं असताना ‘घरीच विलगीकरण’ हा सल्ला किती पोकळ होता, हे सगळ्यांना माहीत होतं, आणि शेत हा त्यावरचा इथल्या मातीतला तोडगा होता. पण कौतुक करून झाल्यावर एक खडूस प्रश्न उरतो. दीड महिन्याचा हा शून्य शेतातल्या मुक्कामामुळे आला, की कशानेही आला असता?

सार्वजनिक आरोग्याच्या सगळ्या योजनांच्या मुळाशी हाच प्रश्न असतो. जगभरच्या आरोग्य यंत्रणांनी त्याची दोन कामांत वाटणी केली आहे. एक देखरेख आणि दुसरं मूल्यमापन. भोसीत किती तपासण्या झाल्या, किती जण शेतावर गेले, आशाताई रोज पोचल्या का, गोळ्या वेळेवर मिळाल्या का, हे बघत राहणं म्हणजे देखरेख. ती काम चालू असतानाच करायची असते, कारण तिचा उपयोग उद्याचं काम सुधारायला होतो. मूल्यमापन त्यापुढचं विचारतं: हे सगळं केलं नसतं तर काय झालं असतं? हा प्रश्न अवघड असतो, कारण जे घडलंच नाही ते मोजता येत नाही. मार्चअखेर नांदेड जिल्ह्यात टाळेबंदी होती. मेअखेर लाट राज्यातच ओसरत होती. शेजारच्या ज्या गावांनी शेतात कुणालाच पाठवलं नाही, तिथेही रुग्ण कमी होत गेले असतील. मग भोसीचं श्रेय किती आणि ओसरणाऱ्या लाटेचं किती, हे सांगायला तुलनेचं दुसरं गाव लागतं. ते तेव्हा कुणी मोजलं नाही, आणि महामारीच्या धामधुमीत ते मोजायला हवं होतं असा आग्रह धरणंही अन्यायाचं ठरेल. तरीही ‘भोसीने साखळी तोडली’ हे विधान आपण पुरावा म्हणून वापरू शकत नाही. उत्तम कल्पना म्हणून वापरू शकतो, एवढंच.

तुलनेचं गाव कसं घ्यावं याचा वस्तुपाठ महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. नवजात बाळं घरातच जन्मत होती आणि घरातच दगावत होती. दवाखाना दूर आणि बाळंतघर सोडायचं नाही ही रूढी. तेव्हा गावातल्याच बाईला शिकवून बाळाची घरी काळजी घेता येईल का, हे त्यांनी तपासायचं ठरवलं. ३९ गावांत हे काम सुरू केलं आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. आरोग्यदूत बाई बाळाचं वजन करी, ताप पाही, श्वास मोजी आणि जंतुदोषाची लक्षणं दिसली तर जेंटामायसिनचं इंजेक्शनही देई. सुरुवातीला या गावांत जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी ६२ बाळं पहिल्या महिन्यातच जात होती. तिसऱ्या वर्षी हा आकडा साधारण २५ वर आला. नुसतं एवढंच सांगितलं असतं तर कुणीही म्हणालं असतं की काळच बदलला, रस्ते झाले, पगार वाढले. पण तुलनेच्या गावांत तोच आकडा ५८ वरून ६० च्या आसपास, म्हणजे होता तिथेच राहिला होता. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात हे प्रसिद्ध झालं आणि नवजात बाळांकडे पाहण्याची जगाची नजर बदलली.

त्या प्रयोगातली एक बारीक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. बाळ वाचवण्याचं काम जिच्याकडे होतं, तिच्याच वहीवर बाळमृत्यूंचा हिशेब सोडलेला नव्हता. दर सहा महिन्यांनी घरोघर जाऊन जन्म आणि मृत्यू स्वतंत्रपणे मोजले जात. आरोग्यदूतांवर अविश्वास म्हणून हे केलं असं समजू नये. मृत्यू ही लपणारी गोष्ट आहे. बाळ जन्मून दोन श्वास घेऊन गेलं, तर ‘मेलेलंच जन्मलं’ अशी नोंद होते, आणि बालमृत्यूंच्या यादीतून ते आपोआप गळतं. त्यात कुणी मुद्दाम खोटं बोलतं असंही नाही. आईला सांगायचं नसतं, सासूला बोलायचं नसतं, नर्सला वरून येणारी विचारणा नको असते. तिघींच्या गप्प बसण्याची बेरीज होते आणि तालुक्याच्या तक्त्यात एक मृत्यू कमी होतो. २००१ मध्ये राज्यातल्या तेरा ठिकाणच्या संस्थांनी आपापल्या गावांत प्रत्यक्ष मृत्यू मोजले. ‘कोवळी पानगळ’ या नावाने तो अहवाल आला तेव्हा सरकारी नोंदीत मृत्यूंचा मोठा भाग नव्हताच, हे उघड झालं. पुढे सरकारनेच डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. आकडा चुकीचा आहे हे मान्य करणं हेच त्या वेळी मोठं काम होतं.

आता आफ्रिकेकडे वळू. तिथल्या आरोग्य योजनांची देखरेख हा विषय आपल्याला दूरचा वाटतो, पण गडचिरोलीची पद्धत खुद्द तिथे जाऊन पोचली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००९ मध्ये नवजात बाळांना घरी भेट देण्याची शिफारस केली. घानाच्या ब्रॉंग अहाफो भागात त्याचा मोठा प्रयोग झाला: ४९ विभागांत भेटी आणि ४९ विभाग तुलनेला. निकाल २०१३ मध्ये आला. भेटी झालेल्या भागात हजारी २९.८ आणि तुलनेच्या भागात ३१.९ बाळं दगावली होती. फरक सात-आठ टक्क्यांचा, तोही योगायोगाने पडला असेल इतका लहान. गडचिरोलीतला फरक साठ टक्क्यांवर होता.

म्हणजे गडचिरोलीचा प्रयोग खोटा ठरला का? अजिबात नाही. घानात सुरुवातीचा मृत्यूदरच गडचिरोलीच्या निम्मा होता. तिथली बरीच बाळंतपणं दवाखान्यात होत होती. तिथले स्वयंसेवक इंजेक्शन देत नव्हते, आजारी बाळाला दवाखान्यात पाठवत होते. मग दवाखान्यात काय होतं यावर सगळं अवलंबून. नाव एकच, ‘घरी भेट’, पण आत वेगळंच काहीतरी. आपल्याकडे ‘अमक्या गावाचा पॅटर्न राज्यभर राबवू’ अशी घोषणा होते तेव्हा ही घानाची गोष्ट मंत्रालयात कुणीतरी सांगायला हवी. भारतात २०११ पासून आशाताई नवजात बाळाच्या घरी सहा भेटी देतात, तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत. बाळंतपण घरीच झालं असेल तर पहिल्या दिवशीची एक जास्त. सगळ्या भेटींचे मिळून अडीचशे रुपये. या भेटी झाल्या की नाही हे संगणकात दिसतं. भेटीत बाळाचा श्वास खरोखर मिनिटभर मोजला का, हे दिसत नाही.

करोनाच्याच काळात आफ्रिकेबद्दल एक कोडं जगभर चघळलं जात होतं. आफ्रिकेत करोनाचे मृत्यू इतके कमी कसे? कुणी तरुण लोकसंख्येला श्रेय दिलं, कुणी उन्हाला. झांबियाच्या लुसाका शहरात काही संशोधकांनी २०२० च्या जून ते सप्टेंबरमध्ये मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या शवागारात जाऊन ३६४ मृतदेहांच्या नाकातले नमुने घेतले. त्यातल्या १५ ते २० टक्क्यांमध्ये करोनाचा विषाणू सापडला. यातल्या बहुतेकांची जिवंतपणी तपासणीच झाली नव्हती. ‘रुग्ण नाही’ याचा अर्थ तिथे ‘कुणी बघितलं नाही’ असा होता. तरुण लोकसंख्येचा मुद्दा खोटा नाही. पण नोंदीतला शून्य आणि गावातला शून्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खरा शून्य कसा ओळखायचा, याची सगळ्यात सुरेख रीत पोलिओच्या मोहिमेने घालून दिली. पंधरा वर्षांखालचं मूल अचानक लुळं पडलं की त्याची नोंद करून शौचाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा, हा नियम. लुळेपणाची पोलिओखेरीज इतरही कारणं असतात आणि ती कुठल्याही देशात, पोलिओ असो-नसो, थोडीफार घडतातच. म्हणून आरोग्य यंत्रणेवर अट घातली: तुमच्या भागात पंधरा वर्षांखालच्या दर लाख मुलांमागे वर्षाला पोलिओ नसलेल्या लुळेपणाची किमान दोन मुलं सापडली पाहिजेत. ती सापडली आणि त्यात पोलिओ निघाला नाही, तर तुमचा शून्य मान्य. एकही लुळं मूल सापडलं नाही, तर तुम्ही शोधतच नाही असा त्याचा अर्थ. हिवतापातही हेच: रुग्ण किती याआधी रक्तनमुने किती घेतले हे विचारतात. म्हणून तर हिवतापाचा कर्मचारी घराच्या भिंतीवर तारीख टाकून जातो, आणि पल्स पोलिओच्या वेळी दारावर खडूने ‘पी’ किंवा ‘एक्स’ लिहिलं जातं. सगळ्या मुलांना डोस मिळाला ते ‘पी’चं घर, एखादं मूल गावाला गेलं होतं किंवा घरच्यांनी नकार दिला ते ‘एक्स’चं. मागाहून येणाऱ्या तपासनिसाला कुणाला विचारावं लागत नाही, भिंतच सांगते. मग तो पोरांची डाव्या हाताची करंगळी बघून भिंत खरं बोलते का ते ताडतो.

एवढं करूनही फसगत होते. नायजेरियात जुलै २०१४ नंतर पोलिओचा रुग्ण सापडेना. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पोलिओग्रस्त देशांच्या यादीतून त्याचं नाव काढलं. ऑगस्ट २०१६ मध्ये ईशान्येच्या बोर्नो प्रांतात पुन्हा रुग्ण निघाले. हा सगळा मुलूख बोको हरामच्या बंडात सापडलेला. तिथल्या कित्येक गावांत ना लस पोचत होती ना मोजणारा माणूस. रोग दोन वर्षं मुकाट पसरत होता. पुढे उपग्रहांच्या छायाचित्रांवरून वस्त्या शोधून काम झालं आणि २५ ऑगस्ट २०२० रोजी आफ्रिका विभाग नैसर्गिक पोलिओ विषाणूपासून मुक्त घोषित झाला. भारतातला शेवटचा रुग्ण त्याआधी १३ जानेवारी २०११ ला पश्चिम बंगालमधल्या हावड्यात सापडला होता.

असाच मोजून संपवलेला दुसरा रोग म्हणजे नारू; मराठवाड्यात साठीपुढच्या कुणाला विचाराल तर त्याची आठवण निघेल. उन्हाळ्यात बारवेच्या पायऱ्या उतरून पाणी भरायचं, तेच प्यायचं. त्या पाण्यात डोळ्यांना जेमतेम दिसणारे सायक्लोप्स नावाचे जीव, त्यांच्या पोटात नारूच्या अळ्या. वर्षभर काही कळत नाही. मग पायाला फोड येतो, आग होते, माणूस पाय पाण्यात बुडवतो आणि फोडातून जवळपास मीटरभर लांबीचा पांढरा दोरा बाहेर येऊ लागतो. काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. तुटला तर पाय सुजून माणूस महिनोन्महिने अंथरुणाला. यावर ना लस आहे ना औषध. म्हणून १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला तेव्हा सगळी मदार मोजण्यावर आणि पाण्यावर होती. महाराष्ट्रासह सात राज्यं, ८९ जिल्हे, साडेबारा हजारांहून जास्त गावं आणि सुमारे चाळीस हजार रुग्ण अशी सुरुवात. कर्मचारी वर्षातून ठरलेल्या वेळी गावोगाव घरटी शोध घेत. बारवांत सायक्लोप्स मारायला टेमिफॉस टाकलं गेलं, पायऱ्या बुजवून आड केले गेले, हातपंप आले आणि पाणी गाळून प्यायला बारीक विणीची कापडं वाटली गेली.

या मोजणीत एक गंमत होती. रोग अंगात शिरल्यावर दिसायला वर्ष लागतं. म्हणजे आज सापडलेला रोगी हा गेल्या उन्हाळ्यातल्या पाण्याचा हिशेब. यंदा हातपंप बसवला आणि यंदाच रुग्ण घटले, असं कुणी फुशारकीने सांगितलं तर ते त्या हातपंपाचं श्रेय नव्हे. योजना आणि तिचं फळ यांत किती काळ जायला हवा हे ठाऊक नसेल, तर मोजणारा चुकीच्या वर्षाला शाबासकी देतो. सरकारी आढावे मार्चअखेरच्या हिशेबावर चालतात, रोग चालत नाहीत.

भारतातला शेवटचा नारूचा रुग्ण १९९६ च्या जुलैमध्ये राजस्थानातल्या जोधपूर जिल्ह्यात सापडला. पण प्रमाणपत्र मिळालं ते २००० च्या फेब्रुवारीत. मधली तीनहून अधिक वर्षं रुग्ण नसतानाही शोध चालू ठेवावा लागला. अफवांची वही ठेवायची, ‘अमक्याच्या पायातून दोरा निघतोय’ अशी कुणकुण लागली की जाऊन बघायचं आणि तो नारू नव्हता हे लिहून ठेवायचं. बाहेरची तज्ज्ञ मंडळी आली तेव्हा त्यांनी रुग्ण शोधण्याइतक्याच बारकाईने ही वही तपासली. अफवाच नसलेला जिल्हा त्यांना संशयास्पद वाटे. चाड या देशाला हा धडा महागात पडला. तिथे दहा वर्षं नारूची नोंद शून्य होती. २०१० मध्ये दहा रुग्ण निघाले. मग कळलं की तिथली कुत्रीही नारूने बाधित होतात. आता तिथे खबर देणाऱ्याला रोख बक्षीस आहे. १९८६ मध्ये २१ देशांत मिळून पस्तीस लाख रुग्ण असावेत असा अंदाज होता; २०२३ मध्ये जगभरात १४ होते. शेवटच्या चौदा जणांना शोधण्याचा दरडोई खर्च पहिल्या लाखांच्या मानाने अफाट आहे, आणि तो करण्यावाचून गत्यंतर नाही.

आता पैशाची गोष्ट. लसीकरणासाठी गरीब देशांना मदत करणाऱ्या ‘गावी’ या जागतिक संस्थेने एक साधा हिशेब लावला होता: मागच्यापेक्षा जितक्या जास्त मुलांना त्रिगुणी लसीचा तिसरा डोस द्याल, तितक्या मुलांमागे वीस डॉलर. कुणालाही पटेल अशी योजना. २००८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये १९३ देशांचा अभ्यास आला. योजनेतल्या ५१ देशांनी मिळून कळवलेली जास्तीची मुलं होती सुमारे १ कोटी ३९ लाख. घरोघरच्या सर्वेक्षणांवरून अंदाज निघाला ७४ लाखांचा, म्हणजे निम्म्याच्या आसपास. आकड्याला पैसे जोडले की आकडा फुगतो. यात त्या देशांना हसण्यासारखं काही नाही. आपल्याकडे ज्या आशाताईच्या महिन्याच्या कमाईत दर कामाचे वेगवेगळे रुपये धरलेले आहेत, जिला एकच माहिती तीन वह्यांत आणि वर मोबाईलमध्येही भरायची आहे, आणि जिच्या गावात नेटवर्क टेकडीवर गेल्याशिवाय मिळत नाही, तिच्याकडून आपण शुद्ध माहितीची अपेक्षा करतो. ऑनलाइन कामाची सक्ती नको, ही महाराष्ट्रातल्या आशाताईंच्या आंदोलनांतली मागणी त्यामुळेच आरोग्य खात्याने माहितीच्या दर्जाची मागणी म्हणून वाचायला हवी. माझ्या मते आशाताईला फैलावर घेणारा आढावा हा आढावाच नव्हे. त्यातून पुढच्या महिन्याचे आकडे तेवढे सुंदर होतात.

अंश फुगतो तसा छेदही फसवतो. तालुक्यात लस घेतलेली मुलं किती हे समजा नीट कळलं, तरी एकूण मुलं किती हे कुठून आणायचं? आपल्याकडची शेवटची जनगणना २०११ ची, नायजेरियाची २००६ ची. त्यावर दरसालची वाढ धरून अंदाज लावायचा. मग काही ठिकाणी लसीकरण १०० टक्क्यांच्या वर जातं. म्हणजे गावात आहेत त्यापेक्षा जास्त मुलांना लस दिली! आफ्रिकेतल्या कितीतरी जिल्ह्यांचे तक्ते असेच आहेत.

भोकरात हा घोळ समजून घ्यायला एक बाळंतपण पुरे. समजा, तालुक्यातल्या एखाद्या तांड्यावरची सून पहिलटकरीण आहे. तिची गरोदरपणाची नोंद तांड्याच्या आशाताईकडे तिसऱ्या महिन्यात झाली. सातव्या महिन्यात चोळी झाली आणि ती माहेरी गेली. माहेर भैंसाजवळ, म्हणजे राज्य बदललं. तेलंगणाची आशा वेगळी, दवाखाना वेगळा. तिथल्या नर्सने तिला नव्याने नोंदवलं. बाळंतपण तिथे झालं. भोकरच्या तक्त्यात ‘नोंदणी झाली, प्रसूती नाही’ अशी एक बाई लोंबकळत राहिली, तिकडे ‘नोंदणीशिवाय प्रसूती’ दिसली. बाळ दीड महिन्याचं झालं तेव्हा पेंटाव्हॅलंट लसीचा पहिला डोस माहेरी आणि दुसरा सासरी. दिवाळीनंतर नवरा-बायको बाळाला घेऊन ऊसतोडीला गेले. तिसरा डोस कारखान्याच्या फडात मिळाला किंवा मिळालाच नाही. हे मूल कुणाच्या शंभर टक्क्यांत धरायचं? यावर उपाय म्हणून प्रत्येक गरोदर बाईला एक कायमचा क्रमांक देण्याची पद्धत आली आहे. तो क्रमांक जिच्या पिशवीतल्या कार्डावर आहे ती पिशवी सोबत असेल, आणि पलीकडच्या नर्सने तो विचारला, तर तो कामाला येतो.

अशा वेळी शंभर टक्के घरं मोजण्याचा हट्ट सोडून थोडी घरं नीट तपासणं शहाणपणाचं ठरतं. शितावरून भाताची परीक्षा ही आपली म्हण इथे अक्षरशः लागू पडते, फक्त शितं भांड्याच्या सगळ्या बाजूंनी घ्यायची. वरची चार घेऊन चालत नाही. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल टेलिफोन कंपनीच्या अभियंत्यांनी मालाचे गठ्ठेच्या गठ्ठे न तपासता थोडे नमुने घेऊन पास-नापास ठरवायची रीत काढली. तीच पुढे आरोग्यात आली. हिशेब असा: एका उपकेंद्राच्या हद्दीतून चिठ्ठ्या टाकून १९ घरं निवडा, बाळाचं कार्ड आणि आईचं बोलणं दोन्ही बघा. ८० टक्के लसीकरण हे लक्ष्य असेल, तर १९ पैकी किमान १३ मुलांचे डोस पूर्ण निघाले पाहिजेत. बाराच निघाली, तर तिथे काहीतरी बिघडलं आहे, पुढच्या आठवड्यात तिकडे जा. १९ घरांवरून त्या उपकेंद्राची नेमकी टक्केवारी निघत नाही, निघायचीही गरज नाही. तालुका आरोग्य अधिकाऱ्याला सोमवारी गाडी कुठे न्यायची एवढं कळलं की पुरे. युगांडातल्या जिल्ह्यांनी वर्षानुवर्षं हे केलं आहे, नायजेरियाने पोलिओच्या फेऱ्या याच रीतीने तपासल्या. याला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. तसं सॉफ्टवेअरही आफ्रिकेनेच दिलेलं आहे: वर्णभेद संपल्यावर दक्षिण आफ्रिकेत जिल्ह्याच्या माहितीसाठी ओस्लो विद्यापीठाच्या मदतीने सुरू झालेली ‘डीएचआयएस’ ही मोफत प्रणाली आज कितीतरी देश वापरतात, केरळनेही वापरली.

मोजणाऱ्यांत गावाला घेण्याचा प्रयत्नही महाराष्ट्रात झाला आहे. २००७ पासून पुण्याच्या ‘साथी’ संस्थेच्या समन्वयाने अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे आणि मराठवाड्यातल्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुढे आणखी जिल्हे जोडले गेले. गावातले लोकच उपकेंद्राला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला गुण देत. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे काठावर, लाल म्हणजे वाईट. नर्स येते का, औषध बाहेरून आणायला लावतात का, पैसे मागतात का, असे साधे प्रश्न. मग जनसुनवाईत तक्ता अधिकाऱ्यांसमोर लागायचा. काही डॉक्टरांना हा अपमान वाटला; काहींनी त्याच तक्त्याच्या जोरावर वरच्या कार्यालयाकडून रिकामी पदं भरून घेतली. लोकांच्या मोजणीत चुका होतात, तीव्र मतं मिसळतात. पण वरच्या तक्त्यात जे कधीच दिसत नाही, ते खालून दिसतं.

प्रत्येक गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती कागदावर आहे. तिचा फलक बहुधा अंगणवाडीच्या भिंतीवर असतो. येत्या ग्रामसभेत उभं राहून तीन गोष्टी विचारा: गेल्या वर्षात आपल्या गावात बाळं किती जन्मली, पहिल्या वाढदिवसाआधी किती गेली, आणि हा आकडा ज्यांनी लिहिला त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणी तपासला का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं, तर १९ घरांच्या चिठ्ठ्या तिथेच टाका.